खुब्याचा सांधा बदलून ३८ दिवस झाले, मांडी सैल सोडताच येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उजव्या खुब्याचा सांधा बदलून आज ३८ दिवस झाले. वय ६१. छेद पाठीमागच्या बाजूने आहे. जखम भरली आहे, आणि एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले की सांधा व्यवस्थित बसलाय. आधीची सहा-सात वर्षं जे आत खोलवर ठणकायचं ते आता राहिलेलंच नाही. त्यामुळे तक्रार मांडताना थोडं अपराधी वाटतंय, पण एकटीने निभत नाही म्हणून लिहिते आहे.

त्रास सांध्याचा नाही, त्याच्याभोवतीच्या स्नायूंचा आहे. खुर्चीत वीस मिनिटं बसून उठले की जांघेत पुढून कोणी दोरी आवळून धरल्यासारखं होतं. पहिली चार-पाच पावलं कमरेत वाकूनच टाकावी लागतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, ताठ पट्टा हाताला लागतो. रात्री उताणी पडले की मांडी आपोआप आवळायला लागते आणि मध्येच वांब येऊन जाग येते. शिवाय उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झालाय असं सतत वाटतं. डॉक्टरांनी मोजून पाहिलं, म्हणाले फरक नाही.

परवा पलंगावरून उठताना समोरच्या आरशात सहज नजर गेली. खांदे कानांपर्यंत चढलेले, दात घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. पाय अजून जमिनीला टेकलाही नव्हता आणि त्या क्षणी काहीही दुखत नव्हतं. दुखेल म्हणून सगळं अंग आधीच आवळून बसलं होतं. तेव्हापासून दिवसभर लक्ष ठेवतेय, तर हे प्रत्येक उठण्या-बसण्याला होतंय. इतकी वर्षं दुखणं सोसून अंगाला ही सवयच लागली असावी. सांधा नवा आला तरी ती जात नाहीये.

व्यायाम नेमाने करते. घोटा वर-खाली, गुडघा गादीत दाबणं, टाच सरकवणं, आणि पाय सरळ ठेवून वर उचलणं. हा शेवटचा जरा जास्तच करते, सकाळ-संध्याकाळ ३० वेळा, ताकद लवकर यावी म्हणून. झोपताना गुडघ्याखाली जाड उशी घेते, तेवढाच जांघेला आराम. दिवसाचा बराच वेळ मागे कलणाऱ्या खुर्चीत जातो. चालताना काठी आहे, उजव्या हातात.

विचारायचं आहे ते असं. मालिश करून घेऊ का, आणि कधीपासून? शेक गरम घ्यावा की बर्फाचा? स्नायू सैल करणारी गोळी रात्री दिली आहे, पण सकाळी डोकं जड असतं आणि काल उठताना तोल जाता जाता वाचला. ती तशीच चालू ठेवायची का? आणि पाय लांब वाटणं कधी थांबतं? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. छोटी वाटणारी गोष्टही सांगा.

– रानजाई

---

कवडसा:

रानजाई ताई, माझा डावा खुबा दोन वर्षांपूर्वी बदलला. पाय लांब वाटण्याने मीही हैराण झालो होतो. एका पायात जाड सोल घालायला निघालो होतो, फिजिओनी थांबवलं ते बरं झालं. साधारण चार महिन्यांनी एक दिवस लक्षात आलं की आपण त्याचा विचारच करत नाही. नेमका कधी गेला तो भास, सांगता येणार नाही.

---

वळणवाट:

माझं मत थोडं कडक आहे. दुखलं तरी रेटायचं. मी रेटलं म्हणून तीन महिन्यांत धडधाकट झाले. आखडलेला स्नायू ताणल्याशिवाय सुटत नाही.

---

सांधेसोबती:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या सर्जनना किंवा तिथल्या फिजिओंना दाखवून मगच करा.

आधी वळणवाट यांच्याबद्दल. त्यांना लाभलं याचा आनंद आहे, पण हा सल्ला सरसकट देऊ नये. घाबरलेला स्नायू जोरात ताणला की तो आणखी आवळतो, बचाव करणं हे त्याचं कामच आहे. मी साधी खूण सांगते. व्यायामानंतरचा ठणका तास-दोन तासांत ओसरला तर माप बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त आखडलेलं असेल तर माप जास्त झालं, निम्म्यावर या.

आता ताई, तुमच्या लिहिण्यात मला चार गोष्टी खटकल्या.

पहिली, गुडघ्याखालची उशी. आराम वाटतो कारण तिच्यामुळे खुबा थोडा वाकलेला राहतो आणि पुढचा स्नायू आखूड अवस्थेत पडून असतो. झीज होत असताना तो वर्षानुवर्षं असाच आखूड होत गेलेला असतो, कारण वाकून चाललं की कमी दुखतं. त्यात दिवसभर कलती खुर्ची आणि रात्रभर उशी, म्हणजे २४ तासांत त्याला सरळ व्हायची वेळच मिळत नाही. मग उभं राहताना जांघेत दोरी आवळल्यासारखं होणारच. उशी गुडघ्याखाली नको, दोन गुडघ्यांच्या मध्ये हवी. खुर्चीत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. दिवसातून दोन-तीन वेळा गादीवर सपाट, पाय सरळ सोडून, १०-१५ मिनिटं पडून राहा. सुरुवातीला पाचच मिनिटं जमली तरी चालतील. सर्जननी परवानगी दिली तर पुढे पालथं झोपणं हा यावरचा फार चांगला उपाय आहे. मात्र वळताना गुडघ्यांमध्ये उशी हवी आणि पहिल्यांदा कोणीतरी सोबत हवं.

दुसरी, पाय सरळ उचलण्याचा व्यायाम. रोज ६० वेळा! लांब पाय गादीवरून उचलताना सगळा भार जांघेतल्या त्याच स्नायूवर येतो जो आधीच चिडलेला आहे. माझ्याकडे जांघ दुखते म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांचा मी हा व्यायाम काही आठवडे बंद ठेवते. फिजिओंना विचारून थांबवा. त्याऐवजी कुल्ल्याचे स्नायू हलके आवळून ५ सेकंद धरा आणि सोडा. पुढचा स्नायू कुल्ल्याचं काम ओढत असतो. कुल्ला कामाला लागला की पुढच्यावरचा बोजा उतरतो.

तिसरी, काठी. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या उलट हातात धरायची, म्हणजे तुमच्या डाव्या हातात. उजव्या पायावर एकट्याने उभं राहता तेव्हा ओटीपोटाचं हाड डावीकडे झुकू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू जोरात ओढत असतात, आणि त्यामुळे चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. डाव्या हातातली काठी ते झुकणं अडवते, स्नायूंना तेवढं ओढावं लागत नाही. उजव्या हातात ती जवळपास निकामी. बाहेरच्या अंगाला ताठ पट्टा लागतो म्हणता, त्यात याचा वाटा असणार. काठीची उंची उभं राहिल्यावर मनगटाच्या रेषेत हवी.

चौथी, ती गोळी. स्वतःहून बंद करू नका, पण आजच फोन करून सांगा की सकाळी तोल जातो. या टप्प्यावर पडणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. मात्रा किंवा वेळ ते बदलतील.

मालिश: पोटरी दाबून किंवा चोळून घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो आणि सुरुवातीचे आठवडे त्यात महत्त्वाचे. रक्त पातळ करणारं औषध म्हणूनच देतात, कित्येकांना ३५ दिवसांपर्यंत. मांडीवर हलक्या हाताने, व्रणापासून लांब, सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर विचारून. कोणी पाय ओढून, फिरवून 'मोकळा' करून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. तुमचा छेद मागून आहे. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकणं, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे जाणं आणि पाऊल आत वळणं, या तिन्हींनी सांधा निखळू शकतो.

शेक: सूज किंवा ऊब असेल तर बर्फ, कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. गरम शेक व्रणावर नको. तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

आणि आरशात जे पाहिलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. त्यावर एक करून बघा. उताणं पडून गुडघा गादीत दाबा, पूर्ण जोराने नाही, पाव जोराने. ५ सेकंद. मग श्वास हळूहळू बाहेर सोडत दाब काढून घ्या आणि पुढची १० सेकंद फक्त मांडीचं वजन गादीवर उतरतंय का ते पाहा. स्नायूला 'सैल हो' म्हटलेलं कळत नाही. आधी मुद्दाम आवळला की सोडणं म्हणजे काय ते त्याला सापडतं. उठतानाही तेच. श्वास सोडत उठा, धरून नाही.

---

पाऊलखुणा:

सांधेसोबती यांनी सगळं लिहिलंच आहे. एक भर घालतो. सगळं 'आखडणं' म्हणून सोडून देऊ नका. माझ्या वडिलांची जांघ सात-आठ महिने दुखत होती. गाडीत पाय उचलून ठेवताना हमखास. आम्ही व्यायाम कमी पडतोय असंच समजत राहिलो. शेवटी तपासणीत कळलं की पुढच्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) नव्या सांध्याच्या वाटीच्या कडेवर घासतोय. त्यावर उपाय झाले, आता ते ठीक आहेत, पण ते महिने वाया गेले याची मला अजून चुटपुट लागते. महिनोन्‌महिने एकाच हालचालीला, एकाच जागी दुखत असेल तर पुन्हा दाखवा.

---

सांधेसोबती:

अगदी योग्य. आणि काही गोष्टींना तर एक दिवसही थांबायचं नाही. एका पोटरीला सूज, लाली, ऊब येऊन दुखू लागणं. अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं. ताप, किंवा व्रणातून पाणी येणं. एकदम कळ येऊन पाय आखूड दिसणं, आत किंवा बाहेर वळणं आणि त्यावर भार न पेलणं. यातलं काही झालं तर इथे लिहून विचारत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

पाय लांब वाटण्याबद्दल कवडसा यांचा अनुभव नेहमीचा आहे. झिजलेल्या सांध्याची उंची गेलेली असते, ती परत मिळते. स्नायू मात्र जुन्या उंचीला सरावलेले, म्हणून ओटीपोटाचं हाड तिरकं धरतात. बहुतेकांचं काही महिन्यांत जुळतं. तोवर सोलची भर विचारल्याशिवाय नको.

---

रानजाई:

आज ५३ वा दिवस. आधीच लिहायला हवं होतं, पण काही खरोखर बदललं तरच लिहायचं असं ठरवलं होतं.

काठी त्याच संध्याकाळी डाव्या हातात घेतली. दोन दिवस हात-पायांचा मेळ बसेना, पावलं मोजत चालले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत आले आणि जाणवलं की कमरेतलं डावीकडे झुकणं कमी झालंय. मला इतके दिवस वाटत होतं, दुखरी बाजू उजवी म्हणून आधारही उजवीकडेच हवा.

उशी काढणं सोपं गेलं नाही. पहिल्या रात्री जांघ इतकी ताणली की एक वाजता ती परत घेतली. मग रोज थोडी पातळ करत नेली. जाड उशी, मग बारीक उशी, मग घडी घातलेला टॉवेल, मग एकपदरी टॉवेल. नवव्या रात्री काहीच नाही. हे कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्यासारखं कोणाला एकदम जमत नसेल तर असं करून बघा.

गोळीची मात्रा डॉक्टरांनी निम्मी केली आणि आठवड्याने थांबवली. पाय उचलण्याचा व्यायाम फिजिओंनीही बंद करायला सांगितला. सहा आठवड्यांच्या तपासणीत पालथं झोपायची परवानगी मिळाली. पहिल्यांदा सात मिनिटं जमलं, आता १५ होतात. उठल्यावरची वाकलेली पावलं पाचावरून एक-दोनवर आली आहेत.

गुडघा दाबून सोडण्याचं सांगू का? पहिले तीन-चार दिवस काहीच कळलं नाही. दाबायची, सोडायची, मांडी तशीच लाकडासारखी. पाचव्या दिवशी दुपारी श्वास सोडताना मांडीतून काहीतरी उतरत गेलं आणि पाऊल आपलं आपण किंचित बाहेरच्या बाजूला कललं. घाबरून हाक मारणार होते. मग समजलं, मी त्याला आतापर्यंत सरळ धरून ठेवत होते, झोपेतसुद्धा. डोळे भरून आले. किती वर्षांनी हा पाय माझ्या पहाऱ्याशिवाय नुसता पडून होता.

वांब अजून येतात, पण रोज नाही. पाय लांब वाटतो, कवडसा म्हणतात तसा विसरायची वाट बघतेय. पाऊलखुणा, तुमच्या वडिलांचं वाचून मी वहीत रोज लिहायला लागले आहे, कोणत्या हालचालीला कुठे ओढ बसली ते. पुढच्या तपासणीला ती वही नेईन.

सांधेसोबती, एक विचारायचं राहिलं. जिना चढताना खांदे अजूनही वर जातात आणि श्वास अडकतो. उतरताना तसं होत नाही. जिन्यासाठी वेगळं काही करायचं असतं का?

---

सांधेसोबती:

ताई, वही हा उत्तम विचार. चढताना आधी डावा पाय वरच्या पायरीवर, मग उजवा आणि काठी त्याच पायरीवर आणायची. उतरताना काठी आणि उजवा आधी. एका हाताने कठडा धरा. श्वास डावा पाय टाकतानाच सोडायला लागा, भार येण्याच्या आधी. आठवडाभर रोज दोनदाच, पाच-पाच पायऱ्या, कोणी तरी मागे असताना. मग कळवा.