शब्दचर्चा: ‘लेट मी इन’ मराठीत कसं आणायचं?

प्रश्न, नाशिकहून

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात दोन सिनेमे लागोपाठ दाखवायचे ठरले आहेत. पहिला टॉमस आल्फ्रेडसनचा स्वीडिश सिनेमा, २००८ चा. इंग्रजीत तो ‘लेट द राइट वन इन’ म्हणून ओळखला जातो. दुसरा त्याचाच इंग्रजी रीमेक, मॅट रीव्ह्जचा ‘लेट मी इन’, २०१०. शाळेत मार खाणारा एकटा मुलगा, शेजारच्या घरात राहायला आलेली मुलगी, आणि हळूहळू कळतं की ती व्हॅम्पायर आहे. कथा दोन्हीकडे हीच.

प्रेक्षकांच्या हाती द्यायचं एकपानी टिपण आणि मोजक्या संवादांचा मराठी मजकूर माझ्याकडे आलाय. व्हॅम्पायर या शब्दापाशी अडले, रीमेकपाशी अडले आणि सगळ्यात जास्त दोन शीर्षकांपाशी. वेताळ लिहू का? की रक्तपिपासू? जाणकारांनी सांगावं.

कोल्हापूरहून

वेताळ लिहायला हरकत नसावी. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळ पंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा नावातच विक्रमाबरोबर ‘व्हॅम्पायर’ घातला. म्हणजे इंग्रजांनी आपल्या वेताळाला व्हॅम्पायर म्हटलं. मग आपण त्यांच्या व्हॅम्पायरला वेताळ म्हटलं तर बिघडलं कुठे?

मडगावहून

बिघडतं हो काका. आमच्या गोव्यात बेताळ म्हणजे ग्रामदेव. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाचं नावच त्याच्यावरून पडलंय. तो गावाची राखण करतो, रात्री सीमेवर फिरतो, लोक त्याला नवस बोलतात. पुण्यातही वेताळ टेकडीवर त्याचं देऊळ आहे. पंचविशीतला वेताळ तरी कुठे कुणाचं रक्त पितो? प्रेतात शिरून झाडाला लटकतो, गोष्ट सांगतो आणि राजाला कोड्यात पाडतो. बर्टनला त्याच्या वाचकांसाठी ओळखीचा शब्द हवा होता, त्याने तो घेतला. त्याची सोय आपण आपल्या देवावर कशाला लादायची?

रत्नागिरीहून

मडगावकरांशी सहमत. पिशाच्चही नको. आपल्याकडचं पिशाच्च म्हणजे अतृप्त जीव, त्याला स्वतःचा देह नसतो. म्हणून तर ते दुसऱ्याला धरतं, पछाडतं, झपाटतं. मग भगत येतो, उतारा होतो, नारळ-कोंबडं होतं. व्हॅम्पायरचं उलट आहे. तो देहच आहे, मेलेला आणि तरीही चालता-बोलता. त्याला भूक लागते, थंडीवारा मात्र लागत नाही. पोरगी बर्फात अनवाणी उभी राहते ती त्याचमुळे. या शब्दाचा उगम बाल्कन प्रदेशातला. अठराव्या शतकात सर्बियातल्या खेड्यांत पुरलेली प्रेतं उकरून पाहिल्याचे ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचे अहवाल गाजले आणि त्यानंतर हा शब्द जर्मन, फ्रेंच, इंग्रजीत पसरला. आपण प्रेत दहन करणारे. आपल्या भुतांना देह उरणार कुठून?

कुणी हडळ सुचवायच्या आधीच सांगतो: हडळ ही बाळंतपणात गेलेली बाई. वयाने आणि दुःखानेही ती वेगळी.

वयाकडे पाहिलं तर सगळ्यात जवळचा मुंजा. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, कायमचा त्याच वयाचा. या गोष्टीतलं पोरही बाराव्या वर्षाला अडकलेलं आहे. पण मुंजा आपला पिंपळ सोडत नाही आणि हे पोर तर घरं बदलत फिरतं. म्हणून तोही शब्द म्हणून नको. टिपणात उल्लेख मात्र जरूर करा, आपल्या प्रेक्षकाला त्या वयातली कळ लगेच कळेल.

आणखी एक. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, या नियमावरच दोन्ही शीर्षकं उभी आहेत. कोकणात रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात. आमची आजी तिसऱ्या हाकेपर्यंत तोंडावर बोट ठेवायला लावायची. मला तर दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. बाहेरच्याला स्वतःचं बळ नाही, ते तुमच्या तोंडच्या शब्दातून मिळतं. तिथे ‘ये’ म्हणालात की गेलात, इथे ‘ओ’ दिलीत की गेलात.

प्रश्नकर्ती, नाशिकहून

काका, ओ देण्याचं टिपणात नक्की घेते. मग रक्तपिपासू?

रत्नागिरीहून

नको गं. रक्तपिपासू आपण सरदाराला म्हणतो, दरोडेखोराला म्हणतो, सावकाराला म्हणतो. त्यात क्रूरपणाची हौस आहे. या पोराला हौस नाही, गरज आहे. व्हॅम्पायरच लिही. शब्द सगळ्यांना ठाऊक आहे.

स्टॉकहोमहून

थोडं सविस्तर लिहिते. गेली बरीच वर्षं इथे आहे आणि हा सिनेमा माझ्या फार जवळचा आहे.

मूळ कादंबरी यॉन आयविदे लिंडक्विस्टची, २००४ ची. स्वीडिश सिनेमाची पटकथाही त्यानेच लिहिली. कादंबरी आणि सिनेमा दोन्हींचं स्वीडिश नाव एकच: ‘लोत देन रेत्ते कोम्मा इन’. त्याने ते मॉरिसी या इंग्रज गायकाच्या एका गाण्यावरून घेतलं. शब्दशः: जो योग्य आहे त्याला आत येऊ दे. ‘देन रेत्ते’ हे बोलीत अनेकदा जन्माच्या जोडीदाराबद्दलही म्हणतात, आपण ‘मनासारखा मिळाला’ म्हणतो तसं. आणि ‘रेत्ते’च्या शेवटचा ए-कार पुरुषवाचक आहे. स्त्रीबद्दल असतं तर सहसा ‘रेत्ता’ झालं असतं.

हा ए-कार मला महत्त्वाचा वाटतो. शेजारी राहायला आलेल्या या पात्राचं नाव एली. शाळेत मार खाणारा तो मुलगा, ऑस्कर, तिला मुलगी समजतो, प्रेक्षकही समजतात. पण ती त्याला सांगते की मी मुलगी नाहीये. कादंबरीत पुढे उलगडतं की एली शेकडो वर्षांपूर्वीचा एलियस नावाचा मुलगा आहे, खच्ची केलेला. सिनेमात ते एका निमिषभराच्या दृश्यात येऊन जातं, पापणी लवली तर हुकेल. एलीचं काम लीना लेआंडरसनने केलंय, पण आवाज तिचा नाही. दिग्दर्शकाला मुलगा की मुलगी ते कळू नये असा खर्जातला आवाज हवा होता, म्हणून एलिफ जेलान या दुसऱ्या मुलीकडून सगळे संवाद डब करून घेतले. किरण किंवा शशी या नावांवरून मुलगा की मुलगी ते सांगता येत नाही ना, तसं हे नाव आणि तसा हा आवाज.

रीमेकमध्ये एलीची ॲबी झाली. ॲबी हे सरळसरळ मुलीचं नाव. मुलगी नसल्याचं वाक्य तिच्याही तोंडी आहे, पण ‘मग कोण आहेस’ या प्रश्नावर ती ‘कुणीच नाही’ अशा अर्थाचं बोलते आणि तो धागा तिथेच सोडून दिलाय. ॲबी झालेल्या क्लोई ग्रेस मोरेट्झचं काम सुंदर आहे. पण हे नुकसान मला सलतं.

आता शीर्षक. स्वीडिश नावात बोलणारा घराच्या आत आहे किंवा आतल्याच्या कानाशी आहे. तो सांगतोय की दार उघडताना बघून उघड. ‘लेट मी इन’मध्ये बोलणारा दाराबाहेर आहे आणि विनवतोय. दोन शब्द कमी झाले एवढाच फरक नाही, तोंडच बदललं. हे रीव्ह्जने केलं असंही नाही. अमेरिकेत कादंबरीचं इंग्रजी भाषांतर आधीच ‘लेट मी इन’ नावाने निघालं होतं.

म्हणून दोन्हींना एकच मराठी नाव देऊ नका. स्वीडिशसाठी ‘योग्य त्यालाच आत घे’ आणि इंग्रजीसाठी ‘मला आत घे’ असं मी सुचवेन.

कोल्हापूरहून

ताई, ‘घे’ की ‘येऊ दे’? ‘मला आत येऊ दे’ जास्त सरळ नाही का?

स्टॉकहोमहून

‘येऊ दे’ म्हणजे वाट अडवू नकोस, एवढंच. ‘घे’मध्ये आपलंसं करणं आहे. घरात घेतलं, पंगतीत घेतलं, खेळात घेतलं. त्या पोराला शाळेत कुणी खेळात घेत नाही आणि या पोराला कुणी घरात घेत नाही. दोघांचं दुखणं एकाच क्रियापदात बसतंय, ते सोडू नका.

पुण्याहून

शीर्षकांचा प्रश्न सुटला असं धरतो. मला रीमेकबद्दल बोलायचंय. ‘पुनर्निर्मिती’ अजिबात लिहू नका. मोडकी मूर्ती पुन्हा घडवली की ती पुनर्निर्मिती. ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा घराघरांत लोक रीमेकच म्हणाले, तो शब्द आता आपलाच आहे. पण आपल्या नाटकवाल्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच एक भेद करून ठेवलाय तो इथे कामाला येईल. आगरकरांचं ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चं भाषांतर. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, माणसं आणि मुलूखच आपला केला, ते रूपांतर.

‘लेट मी इन’ यातलं काय? प्रसंग पाहिले तर बरेचसे जसेच्या तसे: भिंतीवर टकटक करून मोर्सच्या सांकेतिक लिपीत बोलणं, शेवटचा जलतरण तलाव. तेवढ्यावर थांबलं तर भाषांतर. पण जागा बघा. कादंबरीची पहिली पानंच सांगतात की ब्लॅकेबेर्ग या उपनगराला भूतकाळ नाही, साधं चर्चसुद्धा नाही. एका झटक्यात वसवलेली वस्ती ती. रीव्ह्जने गोष्ट नेली न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला. अणुबाँबसाठी १९४३ साली डोंगरावर वसवलेलं गाव! बर्फ मिळेल अशी गावं अमेरिकेत पुष्कळ होती. जुनी मुळं नसलेलं हे गाव मिळालं तिथे मला हा माणूस रूपांतरकार वाटला.

काळही बघा. कादंबरी १९८१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर घडते, त्याच ऑक्टोबरात सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या किनाऱ्यावर खडकात रुतली होती. रीमेक घडतो मार्च १९८३ मध्ये. इस्पितळातल्या टीव्हीवर तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रेगन सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणणारं भाषण देतायत. मूळ सिनेमात चांगलं-वाईट असा निवाडा कुणी बोलून दाखवत नाही. रीमेकमध्ये आई धार्मिक आहे, तिचा चेहरा आपल्याला कधी नीट दिसतच नाही, आणि ॲबीचं खरं रूप कळल्यावर रीमेकमधला मुलगा ओवेन दूर राहणाऱ्या वडिलांना फोन करून विचारतो की जगात ‘ईव्हिल’ असं काही असतं का. हा एक शब्द रीमेकची स्वतःची भर आहे. तुमच्या मजकुरात त्याचं काय करणार?

प्रश्नकर्ती, नाशिकहून

मी ‘दुष्टपणा’ केलं होतं.

पुण्याहून

‘बाबा, जगात दुष्टपणा असतो का?’ असं बारा वर्षांचं पोर विचारेल? रेगनच्या तोंडी ‘दुष्ट’ शोभतं. पोर विचारेल, ‘बाबा, माणसं मुळातच वाईट असतात का हो?’ नाम जाऊ द्या, कळवळा राहू द्या. फोनवर बापाला वाटतं की आईनेच त्याच्या डोक्यात काहीतरी भरवलंय, आणि मुलाचं खरं दुखणं त्याला ऐकूच येत नाही. म्हणून प्रश्न साधाच हवा.

मडगावहून

एक शंका. टिपणात ॲबीबरोबर राहणाऱ्या त्या मोठ्या माणसाला ‘वडील’ लिहिलंय का? श्रेयनामावलीत रिचर्ड जेंकिन्सच्या पात्राला ‘द फादर’ म्हटलंय खरं. पण ओवेनला ॲबीच्या घरात फोटो-बूथमधल्या चित्रांची जुनी पट्टी सापडते. तिच्यात ॲबी आत्ता आहे तशीच आणि शेजारी एक चष्मेवाला मुलगा. तो मुलगा म्हणजे हाच म्हातारा. स्वीडिशमध्ये हे नातं उघडं करून सांगितलेलं नाही, रीमेक ते पुराव्यानिशी दाखवतो. ‘वडील’ लिहिलंत तर खोटं ठरेल आणि ‘प्रियकर’ लिहिलंत तर आधीच फुटेल. ‘तिच्याबरोबर राहणारा माणूस’ एवढंच लिहा.

स्टॉकहोमहून

बरोबर. आणि नाशिककर, संवादांबाबत एक इशारा. २००९ मध्ये अमेरिकेत स्वीडिश सिनेमाची डीव्हीडी निघाली तेव्हा चित्रपटगृहातली इंग्रजी उपशीर्षकं काढून नवी, खुडून सोपी केलेली घातली होती. विनोद गेले, आडून बोलणं गेलं. प्रेक्षकांनी इतकी ओरड केली की पुढच्या प्रतींत जुनी उपशीर्षकं परत आणावी लागली. म्हणून घाईने वाक्य छाटू नका.

प्रश्नकर्ती, नाशिकहून

इथेच माझं घोडं अडलंय ताई. मराठीत तोंड उघडलं की लिंग कळतं. मी आले, मी आलो. बारा वर्षांची, बारा वर्षांचा. ‘मी रक्तावर जगते’ लिहिलं की संपलं. एलीचं गुपित पहिल्याच वाक्यात फुटतं.

रत्नागिरीहून

मग ‘मी’ कर्ता ठेवूच नकोस. वय विचारलं की ‘माझं वय बारा. केव्हापासूनचं बाराच.’ व्हॅम्पायर आहेस का विचारलं की ‘मला रक्त लागतं.’ ‘लागतं’मध्ये चहा लागतो, औषध लागतं, तशी टाळता न येणारी गरज आहे. वर रक्तपिपासू नको म्हटलं त्याचंही उत्तर यातच मिळतं. दाराशी उभं राहून ‘येऊ का?’ यात मुलगा-मुलगी काहीच नाही. ‘मला थंडी वाजत नाही’, ‘मला घरी जायला हवं’, ‘मला आत घे’. सगळं ‘मला’वर बसतंय बघ.

प्रश्नकर्ती, नाशिकहून

बसलं! आत्ता सगळे संवाद परत काढून पाहिले. एलीची दोनच वाक्यं अजून अडतात, ती रात्री फिरवून बघते. ॲबीला मात्र सुरुवातीपासून स्त्रीलिंगीच ठेवतेय, कारण रीमेकने तिला तसं ठेवलंय. म्हणजे दोन सिनेमांची मराठीही दोन तऱ्हेची होईल. एलीसाठी टिपणात ‘ती’ न लिहिता सगळीकडे नावच लिहीन, वाक्यं थोडी लांबली तरी चालतील. व्हॅम्पायर आणि रीमेक तसेच ठेवते, रूपांतराबद्दल दोन ओळी घालते, आणि मुंजा नि ओ देणं एका परिच्छेदात. कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते. सासष्टीतल्या बेताळाचं वाक्य मडगावकरांनी तपासून द्यावं.