मदत हवी आहे : सणांचा तक्ता जुळत नाहीये, रविवारच्या आत सुटायला हवा

शेवंती
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासगटात जगात आज पाळले जाणारे धर्म एकेक करून वाचतोय. प्रत्येक धर्माचा इतिहास, श्रद्धा, सण. सणांचा तक्ता माझ्याकडे आहे. तीन आठवडे खपून केला आणि आता ऐन वेळी अडलाय. दोन वर्षं बरोब्बर जुळलं, तिसऱ्या वर्षी एकदम महिन्याचा फरक. पंचांग दोनदा पाहिलं, चूक सापडत नाही. रविवारी सकाळी तक्ता भिंतीवर लागायचाय. फोटो जोडलाय. कृपया लवकर सांगा.

नाखवा
फोटोतलं अक्षर लागत नाही हो. कुठला सण कशाशी जुळत होता? वर्षं कोणती?

गव्हाळ
पारशी नववर्ष असणार. आधी एक दुरुस्ती: पतेती म्हणजे नववर्ष नव्हे, ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी. पश्चात्तापाचा दिवस. दुसऱ्या दिवशी नवरोज. आपल्याकडे सगळे नवरोजलाच पतेती म्हणतात.
आता फरक. पारशी वर्ष 365 दिवसांचं: 30 दिवसांचे 12 महिने आणि शेवटी 5 गाथा दिवस. लीप दिवस नाही, म्हणून चार वर्षांनी नवरोज एक दिवस अलीकडे येतो. 2023 ला 16 ऑगस्ट, 2024 ला 15. ही शहेनशाही गणना, पारशांच्या तीन गणनांपैकी एक. कदमी लोकांचं वर्ष महिनाभर आधी सुरू होतं आणि फसलींचं 21 मार्चला. तुम्ही एका वर्षी शहेनशाही आणि दुसऱ्या वर्षी कदमी तारीख उचलली असणार.

शेवंती
पारशी रकाना ठीक आहे. पतेतीची चूक मात्र माझ्याकडेही होती, सुधारते. आभार.
अडलंय ते ज्यू नववर्षाला, रोश हशानाला. 2024 ला 3 ऑक्टोबर, त्याच दिवशी आपली घटस्थापना. 2025 ला घटस्थापना 22 सप्टेंबर, रोश हशाना 23. म्हणून तक्त्यावर लाल शाईने लिहिलं की आश्विन शुद्ध प्रतिपदा आणि त्यांच्या तिश्री महिन्याचा पहिला दिवस एकच. आता 2026 ला रोश हशाना 12 सप्टेंबर आणि घटस्थापना 11 ऑक्टोबर!

तांबडफुटी
चंद्राच्या वर्षाचं असंच असतं ताई. वर्ष 354 दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या आठवणीत रमजान थंडीतही आला आणि मे महिन्यातही. तेच इथे झालंय.

नाखवा
@तांबडफुटी, रमजानचं अगदी बरोबर, पण ज्यू सण ऋतू सोडत नाहीत. तसं असतं तर रोश हशाना कधीतरी जानेवारीत आला असता.
शेवंतीताई, तक्त्यात अधिक महिन्याला घर आहे का?

शेवंती
नाही. अधिकात सण नसतात म्हणून तो वगळला. आपला सगळ्यांना माहीतच असतो.

नाखवा
सापडलं. अडलंय तिथेच. चंद्राचं वर्ष सूर्याच्या मागे पडतं, ते भरून काढायला आपण अधिक महिना घालतो. ज्यू लोकही घालतात, साधारण त्याच प्रमाणात, 19 वर्षांत 7. पण घालायची जागा वेगळी. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक, मग तो श्रावण असो नाहीतर ज्येष्ठ. त्यांचा जादा महिना नेहमी अदारचाच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, आणि 19 वर्षांच्या चक्रातली वर्षंही ठरलेली: 3, 6, 8, 11, 14, 17 आणि 19 वं.
2026 ला आपला अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये. त्यांचं जादा महिन्याचं वर्ष 5787, त्यातला अदार 2027 च्या सुरुवातीला. मधल्या काळात आपण एक महिना मागे, म्हणून त्यांचा तिश्री आपल्या भाद्रपदात पडला. 2023 चं पान काढून बघा. तेव्हा अधिक श्रावण होता. रोश हशाना 16 सप्टेंबर, घटस्थापना 15 ऑक्टोबर. तुमची चूक नाही, तुम्ही जुळणारी दोन वर्षं आधी घेतलीत इतकंच.

माळीणबाई
धोंड्याचा महिना म्हटलं की मला जावयाचे अनारसेच आठवतात. आमच्याकडे 33 अनारसे आणि तुपाचा दिवा. यंदा जाळीदार होतच नाहीयेत, पीठ सैल पडतंय. कुणी सांगेल का?

पानगळ
मला हे सगळंच उलट वाटतं. तारखांची जुळवाजुळव करून धर्म कळत नाही. रोश हशानाला मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात. तिथून योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंतच्या दहा दिवसांत माणूस वर्षभराच्या वागण्याचा हिशोब देतो, ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागतो. भिंतीवर हे लावा. घटस्थापना कधी होती हे लोक कॅलेंडरात बघतील.

नाखवा
@पानगळ, शोफार हवाच. पण कालगणना ही श्रद्धेबाहेरची गोष्ट नाही. तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, पेसाखचा (इजिप्तमधून सुटकेचा) सण अवीव महिन्यात, जव तयार होतात तेव्हा, करायची आज्ञा आहे. तो वसंतात राहावा म्हणूनच तर जादा महिना. आणि कुराणाच्या नवव्या सूरेत महिने पुढे ढकलायची जुनी अरबी रीत स्पष्ट नाकारली आहे, म्हणून रमजान ऋतूंतून फिरतो. दोन्हीकडे देवाची आज्ञा पाळली जाते, आकाशात मात्र वेगळं दिसतं. हे तारखा मांडल्याशिवाय कसं दाखवणार?

पानगळ
हे वाक्य तक्त्यावर असेल तर माझी हरकत नाही. नुसते आकडे असतील तर आहे.

कुंडलिका
मी रेवदंड्याकडची. आमच्या आजीच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, घर होतं. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यांच्या सणांची जुनी नावं मराठी: नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, होळीचा सण म्हणजे पुरीम, बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास. आजी सांगायची, त्या दिवशी शेजारच्या ओट्यावर मोड आलेले वाल सोलायला बायका बसायच्या, पण गप्पा नसायच्या. नुसता सालांचा ढीग वाढायचा. तक्त्यात ही नावं घाला.

नाखवा
कुंडलिकाताई, फार मोलाचं. होळीचा सण तर थेट या धाग्याचं उत्तर आहे. पुरीम अदारच्या 14 तारखेला, पुनवेच्या तोंडावर. 2025 ला पुरीम आणि होळी दोन्ही 13-14 मार्चच्या सुमाराला. त्यांचा जादा अदार मूळ अदारच्या आधीच पडतो आणि पुरीम मूळ अदारात, म्हणून पुरीमपर्यंत दोघांचा हिशोब सहसा पुन्हा बरोबरीला येतो. 2027 च्या मार्चमध्येही एक-दोन दिवसांतच येतील.

गव्हाळ
जाता जाता: दीक्षाभूमीचा दिवस कसा लिहिलाय? 1956 ला दसरा आणि 14 ऑक्टोबर एकाच दिवशी होते, पण आता तिथी आणि तारीख वेगळ्या पडतात आणि दोन्ही दिवशी लोक अभिवादन करतात. एकच लिहू नका.

शेवंती
तारीखच लिहिली होती फक्त. दोन्ही घालते.
लाल शाईतलं वाक्य खोडलं. 2023 ते 2027 अशी पाच वर्षं घेऊन अधिक महिन्यांची घरं पिवळ्या रंगात भरतेय, आपला वर आणि त्यांचा अदार खाली. वाचनालयातल्या शाळकरी मुलांनाही ती सरकलेली घरं लांबून दिसतील. बाजूला शोफार, आणि बेने इस्रायल नावं स्वतंत्र ओळीत. कुंडलिकाताई, खिरीचा सण आणि शिळा सण अशीही नावं वाचली होती. आजी त्यांच्याबद्दल काही सांगायच्या का? उद्या रात्रीपर्यंत कळलं तरी चालेल, ती जागा कोरी ठेवलीये.

माळीणबाई
अनारशाचं कुणीच सांगितलं नाही.