विषय: कायम राहायला फिफ्थ व्हील – कोणती घ्यावी?

सप्रेम नमस्कार मंडळी,

हे मे महिन्यात निवृत्त होताहेत. घर विकून दोन-तीन वर्षं ट्रेलरमध्येच राहायचं आमचं ठरलंय. शनिवारी ३८ फुटी फिफ्थ व्हील (पुढचं टोक ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायची राहती ट्रेलर) पाहिली. मधोमध ओटा, मागे मोठ्या खिडक्या. मला फारच आवडली. भरलेलं वजन १४,००० पौंडांपर्यंत. आमच्याकडे पाऊण टनी (हे वर्गाचं नाव, भार नव्हे) डिझेल ट्रक आहे आणि विक्रेता म्हणतो, आरामात ओढेल. घ्यावी का?

– ओहायोतली एक सभासद

---

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं चार वर्षं असेच राहतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रक ओढेलही, पण पेलेल का ते आधी बघा. फिफ्थ व्हीलचा पुढचा भार थेट ट्रकच्या हौद्यातल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या कडीवर, येतो, साधारण एकूण वजनाच्या २० ते २५ टक्के. म्हणजे तुमच्या बाबतीत २,८०० ते ३,५०० पौंड. आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. हा पुढचा भारही त्यातच बसायला हवा. आमच्या पहिल्या ट्रकवर २,३०० होतं. आम्ही दोघं, हिच आणि अवजारपेटी वजा जाता १,७०० उरले. हे आम्हाला ट्रेलर घेतल्यानंतर, ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर कळलं. मग मागे जोडचाकं असलेला एक टनी ट्रक घ्यावा लागला. तुमचा तो खर्च वाचावा असं फार वाटतं.

ट्रेलरमध्ये सामान किती चालतं तेही विचारा. ६० गॅलन पाणी भरलं की ५०० पौंड तिथेच गेले. कुकर, मिक्सर, धान्याचे डबे, पुस्तकं, सगळं त्यातच बसवायचं.

ओटा आवडला हे ठीक, पण चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की गाळून आतच सोडतो ते पाहा. रोज फोडणी होणार. थंडीत कुकरची वाफ खिडक्यांवर पाणी होऊन भिंतीत मुरते. स्लाइड, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकवायच्या बाजू, आत घेतलेल्या असताना फ्रिज आणि संडास गाठता येतो का, हे स्वतः चालून बघा. वाटेत थांबल्यावर ते रोज लागतं. वीजजोडणी ५० अँपचीच घ्या. ३० अँपवर जेमतेम ३,६०० वॉट मिळतात, ५० वर दोन तारांमुळे १२,०००.

जुनी घेत असाल तर स्लाइडच्या कोपऱ्यांत पायाने जमीन दाबा. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्याकडे तिथेच पाणी झिरपलं आणि लक्षात येईपर्यंत प्लायवुड कुजलं होतं. वॉरंटीचा कागदही वाचा. कायम राहणाऱ्यांना ती लागू नाही, असं बऱ्याच कंपन्या त्यात लिहितात. विमाही कायम राहणाऱ्यांसाठीचा वेगळा घ्यावा लागतो.

– तुमचाच, सध्या टेक्सास

---

दादा, मनापासून आभार. आमच्या स्टिकरवरचा आकडा २,१४० आला. आगाऊ रक्कम देणार होतो, ती थांबवली. याच ट्रकवर काही बसेल का?

---

ताई, माणसं आणि हिच वजा करून साधारण १,६०० उरतील. २२ टक्के धरले तर भरलेली ट्रेलर ७,२०० पौंडांच्या आत हवी. तशी मिळते, पण ती सुट्टीपुरती. दोघांच्या वर्षभराच्या संसाराला अपुरी पडेल. माझं मत, आधी ट्रक बदला. जूनमध्ये आम्ही इंडियानात एल्खार्टजवळ असू. पुष्कळ फिफ्थ व्हील तिथेच बनतात. तुम्हाला लांब नाही. दोघं या, आमच्या ट्रेलरमध्ये दोन रात्री राहून बघा.