फ्लाय बांधताना दोरा सारखा तुटतोय, काय चुकतंय?

वारज्याचा गळ
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेलं माशाचं नकली आमिष, बांधायला घेतली. गळ पकडणारा शेगडा, नळीतून दोरा सोडणारी बॉबिन, कात्री असा संच ऑनलाइन मागवला. १४ नंबरच्या गळावर वूली बगर नावाची फ्लाय बांधतोय. दोरा सारखा तुटतो. शेपटीचं पीस दांड्यावर बसतच नाही, गोल फिरून खाली लोंबतं. आणि शेवटची गाठ मारायला जावं, तर गळाचं नेढं पिसांनी बुजलेलं. काल रात्री साडेबारापर्यंत बसलो, एकही धड झाली नाही. शिकवणारं जवळपास कुणी नाही. सुरुवात कुठून करू?

जुना फिटर, चिंचवड
आधी तो १४ नंबर बाजूला ठेवा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. शिकायला ८ नंबरचा, लांब दांड्याचा घ्या, म्हणजे हात काय करतोय ते दिसेल.

दोरा नेमका कुठं तुटतो? गळाच्या टोकापाशी तुटत असेल तर टोकच त्याला कापतंय, वेढा देताना बॉबिन थोडी लांबून फिरवा. बॉबिनच्या नळीपाशी तुटत असेल तर नळीच्या तोंडाला बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा असेल. कापसाचा बोळा तोंडावरून आतबाहेर फिरवा. तंतू अडकले की समजा, नळी बदलायची.

आता खरा अभ्यास. नुसत्या गळावर दहा वेढे घ्या आणि दोरा तुटेपर्यंत सावकाश ओढा. असं दहा वेळा करा. तुटायच्या जरा आधी गळ किंचित वाकतो, बोटांना कळतं. बांधताना ताण त्याच्या थोडा अलीकडे ठेवायचा. ३१ वर्षं शेगड्यावर काम केलं, हाताला ही जाणीव आल्याशिवाय कुठलंच काम नीट होत नाही.

पीस फिरतं त्याचं कारण, दांडा गुळगुळीत आहे. आधी दांड्यावर दोऱ्याचा थर द्या. मग पीस वर ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. दोरा चिमटीतूनच वर न्या, पलीकडे सोडा, फास सैल ठेवा आणि सरळ खाली ओढून आवळा. असे तीन वेढे होईपर्यंत चिमूट सोडायची नाही. सगळी गंमत या चिमटीत आहे.

नेढ्यामागे दोन नेढ्यांएवढी जागा पहिल्यापासून रिकामी ठेवा. तिथं फक्त शेवटची गाठ.

आणि एकच नमुना डझनभर बांधा. पहिली जपून ठेवा, बारावी तिच्याशेजारी ठेवून बघा.

मुठाकाठची
काकांनी हाताचं सांगितलं, मी सामानाचं सांगते. ब्रॉयलरची पिसं कामाची नाहीत. गावठी कोंबड्याच्या मानेची मागून घ्या. शांपूनं धुवा, सावलीत वाळवा आणि बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर पिसांतली कीड घरभर होते. माझा पहिला डबा असाच वाया गेला. फ्लायच्या अंगाला शेनील (मऊ, केसाळ दोरा) नसेल तर तुळशीबागेतली मऊ लोकर चालते. गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकानं, म्हणजे नेढं बुजत नाही. गाठ जमत नसेल तर रिकाम्या बॉलपेनच्या नळीवर दोऱ्याचा फास घेऊन नेढ्यावरून सरकवा.

एक मनापासून विनंती. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा फारशी इजा न होता सोडता येतो. साइक्स या इंग्रज अभ्यासकानं १८३९ साली ज्या महासीर माशाचं वर्णन छापलं, त्या 'खुद्री'चा नमुना आपल्या मुळा-मुठेतला होता. तो मासा हाताला लागला तर पाण्यातच धरा आणि सोडा.

वारज्याचा गळ
काका, ताई, खूप आभार. बोळा फिरवला, तंतू अडकले! नळीच्या तोंडाला उजवीकडे बारीकशी चीर आहे, भिंग लावल्यावर दिसली. नवी बॉबिन आणि ८ नंबरचे गळ मागवलेत. ते येईपर्यंत जुन्या गळावर शिवणाचा दोरा बांधून तोडत बसलोय. सातव्यांदा गळ वाकलेला कळला.

जुना फिटर, चिंचवड
शाब्बास. शिवणाचा दोरा जाड असतो, त्याचा ताण वेगळा. नवा दोरा आला की पुन्हा दहा वेळा तोडा.