पुण्याचा आतेभाऊ सातबारा मागतो आहे: गोव्यातील घरे आणि जमिनी यांच्या नवलाच्या गोष्टी

अंगणातली तुळस (डिचोली)

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मधोमध राजांगण, त्यात तुळशीवृंदावन आणि रस्त्याच्या अंगाला शिंपल्यांच्या तावदानांच्या दोन खिडक्या, असे त्याचे रूप आहे. म्हापशाला स्थायिक झालेले धाकटे काका आपला हिस्सा आम्हाला विकत देण्यास तयार आहेत, म्हणून पुण्यात घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्या आतेभावाला मी कागद पाहण्याची विनंती केली. त्याने पहिल्याच फोनवर सातबारा मागितला. आपल्याकडे सातबारा नसतो, एक-चौदाचा उतारा असतो, हे सांगून मी तो पाठवला आणि तेव्हापासून त्याचे प्रश्न संपलेले नाहीत.

घर काकांना त्यांच्या वडिलांकडून आले असताना विक्रीपत्रावर काकूंची सही कशासाठी हवी, हा त्याचा पहिला प्रश्न. पोर्तुगीज काळातील दस्तात आमच्या जागेला माणसाला असावे तसे स्वतःचे नाव आहे, याचे त्याला फार आश्चर्य वाटले. खिडक्यांची छायाचित्रे पाहून काचेऐवजी शिंपले का बसवले, असेही त्याने विचारले. या गोष्टी आपल्या डोळ्यांना इतक्या सवयीच्या आहेत की त्यांची कारणे मला नीट सांगता आली नाहीत. जाणकारांनी कृपया ती सांगावीत, आणि आपल्या घरांविषयी, जमिनींविषयी वा जुन्या वास्तूंविषयी बाहेरच्यांना नवल वाटावे असे आणखी काही ठाऊक असेल तर तेही लिहावे.

जुने दस्त (फोंडा)

ताई, माझी बरीच वर्षे दस्तऐवज वाचण्यात गेली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

काकूंची सही लागते, कारण ते घर केवळ काकांचे नाही. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिच्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची सर्व मालमत्ता सामाईक होते. यात लग्नानंतर कमावलेली मालमत्ता येते, तशीच लग्नाआधीची आणि माहेराकडून वा सासरकडून वारशाने आलेलीही येते. प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो आणि स्थावर मालमत्ता एकट्याला विकता येत नाही. आपल्याकडच्या विक्रीपत्रांत विकणाऱ्यांची यादी दोन-दोन पाने चालते ती यामुळेच, कारण चार भाऊ असतील तर चार भावजयाही त्या यादीत असतात.

यातली सर्वांत नवलाची बाब अशी की, पोर्तुगालने स्वतः ही संहिता मोडीत काढून १९६६ मध्ये नवी केली. त्याआधीच, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता, त्यामुळे नवी संहिता इथे आलीच नाही आणि जुनी इथेच राहिली. जो कायदा त्याच्या मायदेशी इतिहासजमा झाला, तो डिचोलीतल्या घराचे वाटे ठरवत राहिला. पुढे वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची कारवाई) यांबाबतच्या तरतुदींसाठी गोवा विधानसभेने २०१२ चा कायदा केला व तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आला, परंतु त्यातील तत्त्वे तीच आहेत.

आता आपल्या आतेभावाला थेट लागू होणारी गोष्ट सांगतो. या कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचे वाटे समान आहेत. संपत्तीचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि आईवडिलांना मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याची इच्छेप्रमाणे व्यवस्था लावता येते. आपल्या आजोबांच्या मागे वाटणी झालेली नसेल, तर आत्यांचा वाटा काकांच्या वाट्याइतकाच आहे, मग एक-चौदाच्या उताऱ्यावर त्यांचे नाव असो वा नसो. उताऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु ती मालकीचा अखेरचा शब्द नव्हे. घरपट्टीच्या पावतीने तर मालकी मुळीच सिद्ध होत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. आत्यांचे लग्न महाराष्ट्रात झाले असल्यास त्यांच्या यजमानांची सही लागेल की नाही, हे मात्र वकिलाला दाखवूनच ठरवा.

वारसांचे एकमत झाले नाही, तर न्यायालयात इन्व्हेंटरी होते आणि तिच्यात वारसांचा आपापसांतला लिलाव होऊ शकतो. घराचे तुकडे करता येत नसतील, तर भाऊ-बहिणी एकमेकांसमोर बसून त्याच घरावर बोली लावतात, ज्याची बोली चढेल त्याला घर मिळते आणि तो इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. बाहेरचा माणूस या बोलीत नसतो. पाहणाऱ्याला हे कठोर वाटते, पण घर घराण्यात राखण्याचा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असाही निर्णय दिला की, गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरतो. आपल्या काकांनी पुण्यात सदनिका घेतली, तर तिलाही हाच नियम लागेल. हे आतेभावाला अवश्य सांगा, कारण त्याच्या व्यवसायात त्याला ते उपयोगी पडेल.

जागेच्या नावाचे कारण सोपे आहे. गावागावांची मोजणी होऊन सर्व्हे क्रमांक पडले ते मुक्तीनंतर, १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली. त्याआधी जमीन ओळखायची ती तिच्या नावाने आणि चारी दिशांच्या हद्दींनी, म्हणजे पूर्वेला अमक्याचे भाट (माडांची बागायत), पश्चिमेला ओहोळ, अशा रीतीने. दस्तात नाव एक, उताऱ्यात क्रमांक दुसरा आणि प्रत्यक्षात ओहोळाने वाट बदललेली, असे असेल तर तिन्हींचा मेळ घालूनच व्यवहार करा.

चिरेबंदी (माशेल)

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून भिंती आणि खिडक्यांविषयी लिहितो.

आपल्या खिडकीतली तावदाने म्हणजे प्लाकुना प्लासेंटा या सागरी शिंपल्याची चपटी, अर्धपारदर्शक कवचे. ती चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवली जात. काच तेव्हा समुद्रापलीकडून यायची, महाग पडायची आणि वाटेत फुटायची, तर हा शिंपला आपल्याच खाड्यांच्या चिखलात मिळायचा. शिवाय काचेतून ऊन सरळ आत येते, तर शिंपल्यातून दुधासारखा मऊ उजेड येतो आणि खोली तापत नाही. इतकी चांगली युक्ती आपण सोडून दिली याची मला मनापासून खंत आहे. मात्र तावदाने गळाली असतील तर नवे शिंपले काढायला खाडीत कोणाला पाठवू नका. चिखलीच्या खाडीत त्यांची वस्ती अजून आहे, परंतु हा जीव आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे. पाडल्या जाणाऱ्या एखाद्या घराच्या खिडक्या मिळाल्या तर त्यांतली जुनी तावदाने काळजीपूर्वक काढून घ्या. मी नेहमी असेच करतो.

दुसरी गोष्ट चिऱ्याची. जांभा दगड खाणीत कापताना इतका मऊ असतो की हत्याराने सहज त्याचे चौकोन पाडता येतात आणि हवेत राहिल्यावर तो कडक होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये या दगडाला लॅटेराइट हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, कारण केरळात लोक त्याच्या विटा कापताना त्याने पाहिल्या होत्या. कडक झाला तरी हा दगड सच्छिद्रच राहतो आणि आपला पाऊस त्याला झिजवतो. म्हणून जुन्या लोकांनी त्याला कधी उघडा ठेवला नाही. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा त्याच्यावर असायचा आणि पावसाळा सरला की पुन्हा चुन्याचा हात दिला जायचा.

याचे मोठे उदाहरण जुन्या गोव्यातच उभे आहे. १५९४ मध्ये बांधायला घेतलेल्या आणि १६०५ मध्ये पवित्र केलेल्या बॉम जेझुस बासिलिकेचा तो प्रसिद्ध तांबूस, उघड्या दगडाचा चेहरा मुळातला नाही. तिच्या भिंतींवर गिलावा होता आणि तो विसाव्या शतकात, १९५० च्या दशकात, काढून टाकण्यात आला. आज पर्यटक जे पुरातन रूप म्हणून पाहतात ते जेमतेम सत्तर वर्षांचे आहे आणि त्या उघड्या चिऱ्याची झीज हा संवर्धकांपुढचा खरा प्रश्न होऊन बसला आहे. तिचे पाहून हल्ली नव्या बंगल्यांचे चिरेही उघडे ठेवण्याची आवड वाढली आहे. ताई, दुरुस्तीच्या वेळी कोणी आपल्याला गिलावा खरवडून दगड मोकळा करण्याचा सल्ला दिला, तर कृपया ऐकू नका. सिमेंटचा गिलावाही देऊ नका, कारण तो भिंतीतला ओलावा आत कोंडतो. चुनाच वापरा.

नावेलीचा वाचक (सासष्टी)

वरच्या दोन्ही उत्तरांना जोडून थोडे लिहितो.

मडगावात 'सात बुर्झांचे घर' म्हणून ओळखले जाणारे अठराव्या शतकातील घर आहे. एका ओळीत सात उंच, उतरती छपरे असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. आज त्यांतली तीनच उरली आहेत, नाव मात्र सातांचेच चालते. चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्याचा दर्शनी भाग रस्त्याच्या कडेने दूरवर पसरलेला असून त्यात २४ खिडक्या आहेत. बाहेरून तो एकच वाडा दिसतो, परंतु आत घराण्याच्या दोन शाखांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत आणि दरवाजा मात्र मधला एकच. जुने दस्त यांनी वाटण्यांचे जे लिहिले, ते इथे दगडात पाहायला मिळते.

जुन्या गोव्यात सांत आगुस्तिन्हुचा ४६ मीटर उंचीचा पडका मनोरा आहे. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद करण्यात आल्यावर त्या मठाला कोणी वाली राहिला नाही आणि १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. त्याची प्रचंड घंटा आधी आग्वाद किल्ल्यावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये आली. आज पणजीच्या पायऱ्यांच्या वर जी घंटा दिसते ती अशी तिसऱ्या घरी नांदते आहे.

घरे रंगीत आणि पांढरा रंग फक्त चर्चचा, असा पोर्तुगीजांचा नियम होता असे नेहमी सांगतात. प्रथा म्हणून ते दिसते हे खरे, परंतु आतेभावाला सांगताना आपण त्याला प्रथाच म्हणावे.

खाजनकाठ (तिसवाडी)

कोमुनिदादीचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो, कारण पुण्याच्या माणसाला याहून मोठे नवल दुसरे वाटणार नाही. आपल्या कित्येक गावांत जमिनीचा मोठा भाग ना सरकारचा असतो ना कोणा एकट्याचा, तर तो गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतल्या वंशजांच्या, संस्थेचा असतो; तिलाच कोमुनिदाद म्हणतात. ही गावकारी पोर्तुगीजांच्या आधीपासूनची आहे. त्यांनी ती निर्माण केली नाही, तर आफोंसो मेक्सिया याने १५२६ मध्ये तिचे रिवाज फोरालात, म्हणजे सनदेत, नोंदवून घेतले. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजने बांध घालून शेतीखाली आणणे आणि मानशींची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या मोऱ्यांची, दारे राखणे हे एकट्याच्या आवाक्यातले काम नव्हते, त्यामुळे जमीनही एकट्याची झाली नाही. उत्पन्नातून गावकारांना झोन, म्हणजे त्यांचा वाटा, मिळते.

येथे एक विसंगती मला बोचते. नागरी कायदा मुलीला मुलाइतका वाटा देतो, परंतु बहुतेक कोमुनिदादींत गावकारपण पुरुषांच्या वंशानेच चालत आले आहे. एकाच घरातली बहीण घराची मालकीण होते आणि गावच्या जमिनीत मात्र तिचे नाव नसते. ताईंच्या घराखालची जागा कधी काळी कोमुनिदादीकडून कायमच्या पट्ट्याने, म्हणजे आफ्रामेंतोने, घेतलेली नाही ना, आणि तिचा वार्षिक फोर (खंड) भरायचा राहिलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) वा कुळाचे नाव आहे का, तेही तपासावे. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला त्याच्या घरातून काढता येत नाही आणि ते घर विकत घेण्याचा हक्क त्याला आहे.

अंगणातली तुळस (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. इतर हक्कांचा रकाना रिकामा आहे. फोराचे मात्र आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, ते वडिलांच्या पेटीतल्या कागदांत शोधते आहे.

आतेभावाला काल रात्री फोन करून सांगितले की, ज्या घराचे कागद तो व्यवसाय म्हणून तपासत होता, त्यात त्याच्या आईचा काकांइतकाच वाटा आहे आणि तिच्या सहीवाचून व्यवहार पुरा होणार नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोन आत्याकडे दिला. सहीचे ती पुढे बघू म्हणाली आणि आधी विचारले की, माजघरातल्या खिडकीचे खालच्या ओळीतले तावदान, जे तिने लहानपणी फोडले होते, ते कोणी नंतर बसवले की अजून तसेच आहे. ते तसेच आहे. चिरेबंदी यांना माशेलला येऊन भेटते.