डॉक कॉमेंट एका वळणाच्या कशा ठेवायच्या? पायथन + जावा, वर्णनं मराठीत

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. कळमना मार्केटमधल्या आडत्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. बॅकएंड पायथनमध्ये, साधारण ४०० फाइली. रिपोर्टचं जुनं मॉड्यूल जावात, जेडीके ११ वर. टीम नऊ जणांची.

डॉकस्ट्रिंग (पायथनमधली फंक्शनचं वर्णन सांगणारी डॉक कॉमेंट) तीन तऱ्हांच्या झाल्यात: गूगल स्टाइल, नमपाय (शीर्षकाखाली डॅशची रेघ), आणि सगळ्यात जुन्या फाइलींत स्फिंक्सचं ":पॅरम रक्कम:". आडत, हमाली, तोलाई हे शब्द इंग्रजीत कोणालाच नीट सांगता येत नाहीत, म्हणून वर्णनं मराठीत ठेवलीत, आणि तशीच ठेवायची आहेत. रिव्ह्यूचा अर्धा वेळ "शेवटी टिंब नाही", "रिकामी ओळ सोडा" यातच जाऊन राहिला.

कोणती स्टाइल घ्यावी? जुनं सगळं एकदम बदलावं की हात लागेल तसं? आणि जावाचं काय करावं?

(की-वर्ड, नियमांची नावं सगळी मराठी कीबोर्डनेच लिहितोय, समजून घ्या.)

---

झिरोमाइल_देव

गूगल घ्या. आवडीनिवडीचा प्रश्न नाही, कारण साधं आहे. रफ या पायथन कोड तपासणाऱ्या टूलमध्ये (लिंटर) डॉकस्ट्रिंगसाठी तीनच कन्व्हेन्शन (नियमसंच) मिळतात: गूगल, नमपाय आणि पेप२५७. स्फिंक्सच्या ":पॅरम:" पद्धतीला कन्व्हेन्शनच नाही, म्हणजे ती तपासणार कोण? नमपायमध्ये शीर्षकाखालची रेघ शीर्षकाइतकीच लांब लागते (रफचा नियम डी४०९). शीर्षक बदललं की रेघ मोजत बसा. पुढे स्फिंक्सनेच एचटीएमएल काढायचं असेल तरी अडचण नाही, त्यातलं नेपोलियन एक्स्टेन्शन गूगल आणि नमपाय दोन्ही वाचतं.

तुमच्या कामात ते असं दिसेल:

"""एका बिलावरची आडत काढते.

आर्ग्ज:
    रक्कम: मालाची एकूण किंमत, पैशांत.
    दर: टक्के, ० ते १०० मध्ये.

रिटर्न्स:
    आडत, पैशांत, जवळच्या पूर्ण पैशाला गोल केलेली.

रेजेस:
    व्हॅल्यूएरर: दर ० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असल्यास.
"""

आर्ग्ज, रिटर्न्स, रेजेस ही शीर्षकं फाइलीत इंग्रजीतच ठेवा. "परतावा:" असं मराठी शीर्षक दिलं की रफला तो विभाग दिसतच नाही, साधा मजकूर समजून पुढे जातो. चूकही दाखवत नाही, म्हणून जास्त वाईट.

पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या सेटिंगच्या फाइलीत लिंटच्या सिलेक्टमध्ये "डी" (डॉकस्ट्रिंगच्या नियमांचा गट) घाला आणि पायडॉकस्टाइलच्या विभागात कन्व्हेन्शन "गूगल" करा. कन्व्हेन्शन विसरलात तर डी२१२ आणि डी२१३ हे एकमेकांविरुद्धचे नियम दोन्ही निवडले जातात, आणि रफ इशारा देऊन त्यातला एक स्वतःच वगळतो. एक म्हणतो सारांश तीन अवतरणांच्या ओळीवरच हवा, दुसरा म्हणतो खालच्या ओळीवर. डी२०३ आणि डी२११ चंही तसंच भांडण. गूगल निवडलं की डी२०३ आणि डी२१३ आपोआप बंद. डी४०१ पण बंद होतो, तो क्रियापद आज्ञार्थी आहे का ते इंग्रजीच्या हिशेबाने बघतो. मराठीत त्याचा उपयोग शून्य. टेस्टच्या फोल्डरला पर-फाइल-इग्नोर्समध्ये "डी" लावून मोकळे व्हा.

आता ज्यात बहुतेक टीम फसतात ते. डी४१७ हा नियम न लिहिलेला पॅरामीटर पकडतो, पण आर्ग्ज विभाग असेल तरच. चारपैकी तीन लिहिले तर ओरडेल. विभागच गाळला तर गप्प. "लिंट हिरवं आहे" म्हणजे सगळे पॅरामीटर लिहिलेत असं धरू नका. रिटर्न्स आणि रेजेस राहिले का हे बघणारे "डीओसी" गटाचे नियम रफमध्ये आहेत, पण ते प्रिव्ह्यूमध्ये. सुरुवातीला इशारा म्हणून चालवा, बिल्ड त्यावर अडवू नका.

स्टाइल बदलायचं काम रफ करत नाही. तो रिकामी ओळ, इंडेंट, मागचे स्पेस एवढंच लावतो. ":पॅरम:" मधून गूगलमध्ये न्यायला पायमेंट नावाचं टूल आहे. ते मूळ फाइलीला हात न लावता पॅच काढून देतं. पॅच डोळ्यांखालून घाला, खासकरून जिथे एका पॅरामीटरचं वर्णन दोन-तीन ओळींचं आहे.

---

तर्रीपोहे

वरच्याशी सहमत, फक्त हुकबद्दल एक. प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणारी तपासणी) प्रत्येकाच्या क्लोनमध्ये वेगळा बसवावा लागतो आणि "--नो-व्हेरिफाय" देऊन कोणीही टाळू शकतो. म्हणून तीच तपासणी सीआयवरही (सर्व्हरवर आपोआप चालणारा बिल्ड) हवी. आणि दोन्हीकडे रफची आवृत्ती एकच बांधून ठेवा. हुकमध्ये एक, सीआयवर दुसरी असली की लॅपटॉपवर पास आणि सर्व्हरवर फेल, मग दोष कोणाचा यावर दुपार जाते.

जावासाठी: स्पॉटलेस या फॉरमॅटर चालवणाऱ्या बिल्ड प्लगइनमध्ये गूगल-जावा-फॉरमॅट लावा, तो जावाडॉकही (जावाच्या डॉक कॉमेंट) १०० अक्षरांच्या रुंदीत बसवतो. एक धोका आहे. स्पेस देऊन हाताने जुळवलेले तक्ते (दर, तोलाई, हमाली असे रकाने) तो सलग परिच्छेद समजून एका ओळीत ओढतो. तसं काही असेल तर आधी "प्री" टॅगमध्ये घाला, मगच फॉरमॅटर चालवा.

मराठी जावाडॉकमध्ये हमखास होणारी गडबड म्हणजे "रु.". मेथडच्या यादीत जावाडॉक फक्त पहिलं वाक्य दाखवतं, आणि इंग्रजी लोकेलवर पहिलं वाक्य म्हणजे "टिंब आणि त्यानंतर स्पेस" इथपर्यंतचा मजकूर. त्यामुळे

"रक्कम रु. मध्ये परत देते."

याचा सारांश छापला जातो: "रक्कम रु." बस. "कि. ग्रॅ.", "उदा.", "क्र." सगळ्यांचं असंच. सरळ उपाय, पहिल्या वाक्यात संक्षेप नकोच: "रक्कम रुपयांत परत देते." संक्षेप ठेवायचाच असेल तर टिंबानंतर साध्या स्पेसऐवजी एचटीएमएलचा एनबीएसपी (न तुटणारी स्पेस), किंवा समरी हा इनलाइन टॅग, तो जावा १० पासून आहे, म्हणजे तुम्हाला चालेल.

दुसरं, जावासी कंपायलरला एक्सडॉकलिंट द्या. सुरुवातीला "ऑल" मधून "मिसिंग" वजा करा, नाहीतर हजारभर "कॉमेंट नाही" मध्ये खऱ्या चुका बुडतील. खऱ्या म्हणजे: पॅरामीटरचं नाव बदललं पण टॅगमध्ये जुनंच राहिलं, किंवा "वजन < ५०" असं उघडं चिन्ह लिहिलं. त्या चिन्हाला तो मोडकं एचटीएमएल समजतो आणि एरर देतो. तेवढा भाग जावाडॉकच्या कोड या इनलाइन टॅगमध्ये ठेवा.

आणि जेडीके ११ असल्यामुळे एन्कोडिंग. यूटीएफ-८ डिफॉल्ट झालं ते जेडीके १८ पासून. त्याआधी विंडोजवर मशीनचं एन्कोडिंग धरलं जातं आणि मराठी जावाडॉकचा चिवडा होतो. जावाडॉकला एन्कोडिंग, डॉकएन्कोडिंग आणि कॅरसेट, तिन्ही पर्यायांत यूटीएफ-८ लिहून द्या.

---

संत्राबर्फी

"रु." वालं आत्ता उघडून पाहिलं. यादीत ओळीने "रक्कम रु.", "रक्कम रु.", "एकूण रु." 😐

४०० फाइली एकदम बदलल्या तर गिटचा ब्लेम (कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते) खराब होईल ना? शिवाय सध्या सात-आठ ब्रँच उघड्या आहेत.

---

फुटाळा_काठ

एकदम बदला. "हात लागेल तसं" केलं की दर पुल रिक्वेस्टमध्ये तीन ओळी कामाच्या आणि साठ ओळी टिंबांच्या, रिव्ह्यू करणारा कामाच्या तीनच चुकवतो. जावाचं मॉड्यूल फारसं बदलत नसेल तर तिथे स्पॉटलेसचं रॅचेटफ्रॉम चालेल, ते ओरिजिन/मेनच्या तुलनेत बदललेल्याच फाइली बघतं. सीआयवर मात्र शॅलो क्लोन नको. गिटहब ॲक्शन्सचं चेकआउट मुळात एकच कमिट आणतं, रॅचेटला मेन सापडत नाही आणि बिल्ड पडतो. फेच-डेप्थ ० करा.

ब्लेमची सोय गिट २.२३ पासून आहे. फॉरमॅटचा कमिट वेगळा करा, त्यात लॉजिकचं एक अक्षरही नको. त्याचा पूर्ण ४० अक्षरी हॅश ".गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज" फाइलीत, एका ओळीवर एक. मग प्रत्येकाने आपल्या क्लोनमध्ये कॉन्फिगचं ब्लेम.इग्नोररेव्हजफाइल त्या फाइलीकडे वळवायचं. फाइल रूटला, अगदी त्याच नावाने असली तर गिटहबचा ब्लेम तिला आपोआप मानतो. ही सेटिंग ग्लोबल करू नका. ज्या रेपोत ती फाइल नाही तिथे ब्लेम चालायचाच थांबतो.

हॅश कधी लिहायचा? मर्ज झाल्यावर. स्क्वॉश किंवा रिबेस मर्ज केलं की हॅश बदलतो आणि फाइलीत लिहिलेला हॅश मेनवर नसलेल्या कमिटचा राहतो. एरर येत नाही, फक्त ब्लेम सुधारत नाही. मग लोक म्हणतात ही सोय चालतच नाही.

उघड्या ब्रँचसाठी, प्रत्येक ब्रँचवर याच क्रमाने:

फॉरमॅट कमिटच्या लगेच आधीचा मेनवरचा कमिट मर्ज करा, खरे कॉन्फ्लिक्ट असतील ते इथे सोडवा. मग त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर ब्रँचवर चालवून कमिट करा. मग फॉरमॅट कमिट "-एस अवर्स" ने मर्ज करा. म्हणजे गिटला सांगितलं की तो बदल माझ्याकडे आधीच आहे. शेवटी नेहमीसारखा मेन मर्ज. "-एस अवर्स" आणि "-एक्स अवर्स" यांत घोळ करू नका. पहिला समोरचा सगळा बदल टाकून देतो, दुसरा फक्त भांडणाच्या जागी आपलं ठेवतो. इथे पहिला हवा, आणि तो सुरक्षित आहे तो त्या कमिटमध्ये फॉरमॅटशिवाय काही नाही एवढ्यासाठीच. म्हणूनच पायमेंटचे हाताने तपासलेले बदल त्या कमिटमध्ये घालू नका. ते वेगळ्या कमिटमध्ये, ब्रँच कमी उघड्या असतील तेव्हा.

---

झिरोमाइल_देव

मराठी वर्णनांबद्दल दोन गोष्टी राहिल्या.

ओळीची रुंदी: पायकोडस्टाइल (पायथन तपासणारं आणखी एक टूल) कोडपॉइंट (युनिकोडचं एकेक चिन्ह) मोजतो. "नागपूर" डोळ्यांना चार अक्षरं, त्याला सहा, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. रफ युनिकोडची रुंदी बघतो, उकाराला शून्य धरतो. दोन्ही टूल एकत्र ठेवलेत तर एकाच ओळीवर एक पास, एक फेल. एकच ठेवा. आणि पॅरामीटरची वर्णनं स्पेस देऊन एकाखाली एक जुळवू नका. देवनागरीत प्रत्येकाच्या फॉन्टवर ती वेगळीकडेच सरकतात.

दुसरं, "व्यापाऱ्या". यातला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ + हलन्त, किंवा साधा र + हलन्त + शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर तंतोतंत सारखे, बाइट वेगळे. सर्च केलं तर निम्मे "व्यापाऱ्या" सापडत नाहीत. युनिकोड नॉर्मलायझेशनने हे एक होत नाहीत, कारण ते जोडकाला हात लावत नाही. एकदा स्क्रिप्टने सगळे पहिल्या रूपात आणा, आणि पुढे येऊ नये म्हणून प्री-कमिटमध्ये पायग्रेपचा (मजकुरात पॅटर्न शोधणारा) लोकल हुक: ०९३०, ०९४डी, २००डी हे तीन कोडपॉइंट सलग दिसले की फेल. नुसत्या जोडकावर बंदी नको, तो इतर जोडाक्षरांत मुद्दाम वापरतात.

---

संत्राबर्फी

हुक टाकला, पण "बॅड एस्केप" म्हणून राहिला. पॅटर्नमध्ये युनिकोडचे बॅकस्लॅश-यू वाले कोड दिलेत.

---

झिरोमाइल_देव

यामलमध्ये एकेरी अवतरणात लिहिलं असेल. पायग्रेप पॅटर्न बाइटमध्ये बदलून चालवतो, आणि बाइटच्या रेजेक्समध्ये बॅकस्लॅश-यू चालत नाही. दुहेरी अवतरणात टाका, मग यामलच त्याचं खरं अक्षर करून पुढे देतं.

---

संत्राबर्फी

चाललं. पहिल्याच फाइलीत सतरा निघाले.