अडचण फक्त निधीची नाही

'तृतीयपंथीयांच्या आरोग्यावर काम करायला प्राध्यापकच पुढे येत नाहीत' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. पुढे येतात हो, टिकत नाहीत. पुण्यात मी अशा एका प्रकल्पावर होते. नेमणूक अकरा महिन्यांची. वस्तीतल्या गुरूंनी, म्हणजे तृतीयपंथीयांच्या गटाच्या प्रमुखांनी, आम्हाला चहाला बसवून मोकळेपणी बोलायलाच आठ महिने गेले. मग अनुदान संपलं, मी बाहेर. पुढच्या टीमचा पुन्हा पहिला चहा! वर कायम पदाच्या मुलाखतीत प्रश्न, 'पेपर इतके कमी कसे?' आता काय सांगणार, चहाचे गुण मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे आकडे. संशोधनाच्या प्रस्तावात सगळे तृतीयपंथीयांची संख्या म्हणून २०११च्या जनगणनेतला ४,८७,८०३ हा आकडा टाकतात. पण ती लिंगाच्या 'इतर' या रकान्यातली नोंद आहे, आणि त्यात ० ते ६ वयाची ५४,८५४ मुलंही आहेत. दोन-तीन वर्षांच्या बाळाने स्वतःची लिंगओळख सांगितली असेल का? लिहिलं ते घरच्यांनी किंवा प्रगणकाने. शिवाय अनेक प्रौढांची नोंद 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशीच झालेली असणार. त्या आकड्याने भागून आजाराचं प्रमाण काढलेलं दिसलं की मी तो पेपर बाजूलाच ठेवते.